बरं झालं हे कोणाच्या पट्टीनं मोजायचं?

उंबरठा (धागालेखिका)

गेली १८ वर्षं मी मानसोपचार विभागात मानसतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. सध्या आमच्या पाच-सहा जणांच्या गटाकडे एक काम आलं आहे. आजाराचा तीव्र टप्पा संपून पुनर्वसनाकडे वळलेल्या लोकांची प्रगती मोजण्यासाठी नवं स्केल तयार करायचं. त्यावरून आमच्यात जो वाद झाला तो इथे मांडते, कारण मला तो आमच्या गटापुरता वाटत नाही.

पहिल्याच बैठकीत आम्ही ४० कलमं काढली. गोळ्या वेळेवर घेतो का, सकाळी स्वतःहून उठतो का, अंघोळ, इतरांशी वाद, गटात सहभाग, झोप, असंबद्ध बोलणं. दोन तासांत कागद भरला. मग मी हट्ट धरला की हा कागद पुढे न्यायच्या आधी, ज्यांना तो लावायचा त्यांच्यासोबत बसू या. ११ जण बसायला तयार झाले. त्यांना आमची कलमं दाखवली नाहीत. एवढंच विचारलं, "आपण सुधारतोय हे तुम्हाला कशावरून कळतं?"

उत्तरं त्यांच्याच शब्दांत देते.

"फोन वाजला की छातीत धस्स होत नाही."

"पान उलटल्यावर मागच्या पानावर काय होतं ते आठवतं."

"मी खोलीत आलो की घरचे बोलायचे थांबत नाहीत."

"मला राग आला तरी कुणी डॉक्टरांना फोन लावत नाही."

यातलं एकही आमच्या ४० मध्ये नव्हतं. शेवटचं तर नेमकं उलटं होतं. आमच्या कागदावर चिडचिड कमी होणं म्हणजे प्रगती. ज्या बाई हे बोलल्या त्यांच्या लेखी चिडता येणं ही प्रगती. आजारपण सुरू झाल्यापासून त्यांचा आवाज चढला की घरात आणि दवाखान्यात त्याची नोंद लक्षण म्हणूनच झाली होती.

माझं म्हणणं असं की, प्रगती मोजणाऱ्या स्केलमधली कलमं आधी रुग्णांच्या तोंडून यायला हवीत. आपण ती घासूनपुसून घ्यावीत, तपासावीत, पण सुरुवात तिथून व्हावी. आजवरची बहुतेक नावाजलेली स्केल्स उलट्या वाटेनं आली आहेत. मॅक्स हॅमिल्टन यांचं नैराश्याचं स्केल १९६० चं. १७ कलमं, जास्तीत जास्त ५२ गुण. गुण तपासणारा देतो. त्यातली तीन कलमं झोपेची आहेत: लवकर झोप न लागणं, मध्येच जाग येणं, पहाटे लवकर जाग येणं. या तिन्हींचे मिळून ६ गुण. म्हणजे ज्या औषधानं नुसती झोप येते, त्यानं मनात काही हललेलं नसतानाही स्कोअर खाली येऊ शकतो. स्कोअर निम्म्यावर आला की 'प्रतिसाद मिळाला' म्हणायचं आणि ७ किंवा त्याखाली गेला की 'आजार ओसरला'. हे आकडे अभ्यासांमध्ये सर्रास वापरले जातात. आणि ज्याचा स्कोअर ६ झाला तो माणूस समोर बसून म्हणतो, "ताई, मी अजून मी नाही झालो." त्याचं हे वाक्य कुठल्या चौकटीत लिहायचं?

विरोधी मतं हवीच आहेत. गटात मी एकटी पडले आहे, तेव्हा माझंच चुकत असेल तर तेही कळू दे.

मध्यमान

असहमत. थोडं सविस्तर लिहितो.

मी संख्याशास्त्राचा माणूस, रुग्ण तपासत नाही. पण अशा स्केल्सच्या तपासणीचं काम बरंच केलं आहे. तुम्ही दिलेली चार वाक्यं वाचून मलाही गलबलून आलं. आणि म्हणूनच सावध करतो. एखादं वाक्य मनाला भिडलं म्हणजे ते चांगलं कलम झालं असं होत नाही. ज्याला फोन येतच नाहीत त्यानं 'फोन वाजला की धस्स होतं का' याला काय उत्तर द्यायचं? तो शून्यावर खूण करणार आणि कागदावर सुधारलेला दिसणार. कलमाचा अर्थ सगळ्यांसाठी एकच राहिला तरच बेरीज करता येते. नाहीतर आपण किलो आणि मीटर एकत्र मिळवतोय.

दुसरं, बदल मोजणं हे अवस्था मोजण्यापेक्षा अवघड काम आहे. प्रत्येक स्कोअरमध्ये थोडी डळमळ असतेच. जेकबसन आणि ट्रुअ‍ॅक्स यांनी १९९१ मध्ये विश्वसनीय बदलाचा निर्देशांक मांडला तो यासाठीच. हिशोब करून दाखवतो. समजा एका स्केलचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) ६ आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर आकडा किती तसाच येतो ते, जास्तीत जास्त १) ०.८४ आहे. मग एका मोजणीतली चूक येते २.४, दोन मोजण्यांच्या फरकातली साधारण ३.४, आणि तिला १.९६ नं (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) गुणलं की साधारण ६.७. फरक याहून कमी असेल तर ती नुसती डळमळही असू शकते. म्हणजे या स्केलवर एखाद्याचा स्कोअर १८ वरून १३ झाला, तर तो खरंच सुधारला की नुसता मोजणीचा हेलकावा आहे, हे खात्रीनं सांगता येत नाही. ५ गुण कमी झाले म्हणून घरचे आनंदले, डॉक्टरांनी गोळी कमी केली, आणि मुळात काही घडलंच नव्हतं, असं होऊ शकतं. विश्वसनीयता ०.८४ म्हणजे चांगलीच. कच्च्या कलमांवर ती याहून खाली जाईल आणि तुमचं स्केल आंधळं होईल.

शिवाय माणसं मदत मागायला येतात ती सगळ्यात वाईट दिवसांत. काहीही केलं नाही तरी त्यातल्या अनेकांचा पुढचा स्कोअर आधीच्यापेक्षा बरा येतो. त्याचं श्रेय कोणी घ्यायचं, हे कडक मोजमापाशिवाय ठरत नाही.

११ जणांवरून ४० कलमं मोडीत काढू नका, एवढंच.

कोरा कागद

मी त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला होते. म्हणून लिहिते.

मला दोघांचंही पटलं नाही. उंबरठा, तुम्ही विचारताय कलमं कुणाची. मध्यमान विचारतायत बेरीज बरोबर येते का. भरती असताना दर सोमवारी माझ्या हातात एक कागद यायचा. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३. "गेल्या दोन आठवड्यांत पुढील त्रास किती वेळा झाला?" पहिल्या सोमवारी मी खरं लिहिलं. शेवटचा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटतं का, असा होता. मी १ वर खूण केली. १ म्हणजे 'काही दिवस'. त्यानंतर माझ्या सामानाची पुन्हा झडती झाली, दाराशी कुणीतरी बसायला लागलं, आणि शनिवारी भावाची भेट होणार होती ती पुढे गेली. का, ते मला कुणी सांगितलं नाही. मी जोडून घेतलं.

पुढच्या सोमवारी तिथे ०. त्याच्या पुढच्या सोमवारी जवळजवळ सगळीकडे ०, मध्ये एक-दोन ठिकाणी १, कारण सगळं शून्य असेल तर संशय येईल हे शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी शिकवलं होतं. त्या आठवड्यात मला 'लक्षणीय सुधारणा' असं सांगण्यात आलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात एकटा आठवडा होता.

तुम्ही कलमं कितीही सुंदर लिहा. उत्तरावर माझं घरी जाणं अवलंबून असेल तर मी उत्तर शिकून घेईन. मोजणंच बंद करा असं माझं मत आहे. बसा, बोला, वेळ द्या.

सोमवार-ओपीडी

मी मानसोपचारतज्ज्ञ. कोरा कागद, तुमचं वाचून आज ओपीडीत जाताना पाय जड झाले. तरीही मोजणं बंद करा हे मला मान्य नाही, आणि का ते प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आम्ही स्वतःची फसवणूक करतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारकांना विचारलं होतं की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोण उपचार संपेपर्यंत आणखी बिघडेल. ५५० जणांपैकी त्यांनी फक्त ३ जणांबद्दल तसं सांगितलं. प्रत्यक्षात ४० जण बिघडले. हे आळशी लोक नव्हते. बसत होते, बोलत होते, वेळ देत होते. तरी दिसलं नाही. माझ्याही हातून असं झालं आहे. एक तरुण मुलगा दर वेळी हसून "मस्त चाललंय" म्हणायचा आणि मी वहीत 'सुधारणा' लिहीत होतो. आमच्या परिचारिकेनं आग्रहानं त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला तेव्हा स्कोअर २७ पैकी २१ निघाला (जितका जास्त, तितका त्रास जास्त). तोंडानं जे बोलता आलं नाही ते त्यानं कागदावर खूण करून सांगितलं. काही माणसांना कागद सोपा जातो. माझ्या डोळ्यांत बघून "नाही, मस्त नाही चाललंय" म्हणणं त्याला जमत नव्हतं.

आणि उंबरठा ताई, जुन्या स्केल्सना इतकं झोडपू नका. हॅमिल्टनच्या मर्यादा ओळखूनच पुढची आली. मॉन्टगोमेरी आणि ओसबर्ग यांनी १९७९ मध्ये जे केलं ते बघा. ६५ कलमांच्या एका मोठ्या यादीतून आधी सगळ्यात जास्त आढळणारी १७ घेतली, आणि त्यातून उपचारांबरोबर ज्यांच्यात सगळ्यात जास्त फरक पडतो अशी १० ठेवली. बदल टिपणारं स्केल असं बनतं. रुग्णांशी गप्पा मारून बनत नाही.

उंबरठा

डॉक्टर, ते ५५० आणि ४० चे आकडे माझ्या गटातल्या सहकाऱ्यानंही पुढे केले होते आणि मला त्यावर उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही नाही. मोजायला हवं, हे मी मानते.

पण १९७९ चं तुमचं उदाहरण पुन्हा एकदा वाचा. उपचारांनी जी कलमं सर्वाधिक हलली ती ठेवली. म्हणजे त्या काळच्या औषधांनी जे बदलत होतं ते स्केलमध्ये राहिलं. ज्या गोष्टी त्या औषधांनी बदलत नव्हत्या, त्या बदलायला नको होत्या का? 'पुन्हा मी झालो' हे कलम त्या गाळणीतून कधी खाली उतरलंच नसतं. झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नैराश्याच्या रुग्णांना विचारलं की आजार गेला हे कशावरून म्हणाल. आशावाद आणि आत्मविश्वास परत येणं, पूर्वीसारखं स्वतःसारखं वाटणं, नेहमीची कामं जमू लागणं, ही उत्तरं सगळ्यात वर आली. नुसता लक्षणांचा अभाव त्यांना पुरेसा वाटला नाही.

मध्यमान, फोनच्या कलमाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ते तसंच्या तसं घेता येणार नाही. मी त्यामागचं काय ते शोधेन: अचानक काही झालं की शरीर किती दचकतं.

आणि ज्यांना लावायचंय त्यांना ओळखून बनवलेलं स्केल कडक असू शकत नाही, हे मला मान्य नाही. १९८७ चं एडिनबरोचं बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं स्केल घ्या. १० कलमं. थकवा, भूक अशा शारीरिक तक्रारी त्यात मुद्दाम ठेवल्या नाहीत, कारण तान्ह्या बाळाच्या आईला त्या नैराश्याशिवायही असतात. झोपेचं एक कलम आहे, पण ते विचारतं की इतकं दुःखी वाटलं का, की त्यामुळे झोप लागली नाही. बाळ रडलं म्हणून जागी राहिलेली आई आणि रडू येतं म्हणून जागी राहिलेली आई, यांना ते एक वाक्य वेगळं करतं. कुणीतरी त्या खोलीत बसल्याशिवाय असं वाक्य सुचत नाही.

कोरा कागद, तुम्हाला उत्तर द्यायचं आहे. घाईत देणार नाही.

अनुस्वार

एक छोटा पण रोज छळणारा मुद्दा. मी अशा फॉर्मांचे अनुवाद करते. उदास, निराश, नाराज, खिन्न हे चार शब्द लोक चार अर्थांनी वापरतात, आणि मूळ फॉर्ममध्ये त्या जागी एकच शब्द असतो. 'नाराज' टाकलं तर अर्ध्या लोकांना वाटतं, कुणावर? पर्यायांचंही तसंच. 'कधी कधी' आणि 'बरेचदा' यात किती दिवसांचं अंतर, हे दहा जणांना विचारा, दहा उत्तरं येतील. 'अर्ध्याहून जास्त दिवस' असं लिहिलं की माणूस बोटांवर मोजतो. आणि नकारार्थी कलमांना 'कधीच नाही' हा पर्याय नकोच. "मला झोप लागत नाही – कधीच नाही" म्हणजे झोप लागते की नाही लागत?

दुसऱ्याकडून उलट अनुवाद (मराठीतून परत मूळ भाषेत) करून घेतला की काम झालं असं समजतात. तसं नसतं. उलट अनुवाद बरोबर येतो आणि वाचणाऱ्याला तरीही कळत नाही. पाच माणसांसमोर कलम मोठ्यानं वाचा आणि "तुम्हाला यात काय विचारलंय असं वाटलं?" एवढं विचारा. उंबरठांचा मार्ग मला म्हणूनच बरोबर वाटतो.

रात्रपाळी

वॉर्डमध्ये परिचारिका आहे. स्केल कुणी बनवावं यावर भांडण चाललंय, ते भरतं कोण हे कुणी विचारत नाहीये. आम्ही भरतो. रात्री अकरानंतर, बाकी सगळं उरकल्यावर.

आमच्याकडे 'स्वतःची निगा' असं कलम होतं, ० ते ४. एकाच रुग्णाला मी १ दिला होता आणि दिवसपाळीच्या सहकारी बाईंनी ३. वर बोलावणं आलं की तुमच्यात एकवाक्यता नाही. आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. त्यांनी त्याला सकाळी सातला पाहिलं होतं. विस्कटलेले केस, शर्टाची बटणं खालीवर. मी त्याला रात्री नऊला पाहिलं होतं. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले, उद्याचा शर्ट घडी करून उशाशी. दोघींचं बरोबर होतं. कलम चुकीचं होतं. 'नीटनेटका' म्हणजे काय हे त्यात लिहिलंच नव्हतं.

मग आम्हीच प्रत्येक अंकापुढे एक ओळ लिहिली. ० म्हणजे कुणी न सांगता रोज करतो. १ म्हणजे एकदा आठवण केली की करतो. २ म्हणजे जवळ उभं राहावं लागतं. ३ म्हणजे हात लावून मदत करावी लागते. ४ म्हणजे मदत करू देत नाही. आणि वर लिहिलं: मागच्या ७ दिवसांतलं सगळ्यात जास्त दिवस दिसलेलं लिहा, आजचं नाही. त्यानंतर आमचे आकडे जुळायला लागले. नवीन आलेली मुलगीसुद्धा दोन दिवसांत शिकली.

जे बोलतच नाहीत त्यांचं काय, हेही उंबरठांनी सांगावं. सहा-सहा आठवडे एक शब्द न बोलणारी माणसं असतात. त्यांच्या तोंडून कलमं कुठून आणणार? तिथे बघणाऱ्याचीच नोंद लागते. आमची नजर म्हणजे सरकारी नजर नसते हो, आम्ही त्यांच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ असतो.

सोमवार-ओपीडी

रात्रपाळी यांच्या प्रतिसादाची प्रिंट काढून टेबलावर ठेवली आहे.

धाकटा

मी शुभंकर आहे, म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची काळजी घेणारा घरचा माणूस. मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया होऊन १४ वर्षं झाली.

त्याच्या आजाराला जे स्केल लावतात त्यात ३० कलमं, प्रत्येकाला १ ते ७. सगळ्यात कमी स्कोअर शून्य नसून ३० असतो, हे मला फार उशिरा कळलं. एकदा स्कोअर ९० वरून ६० वर आला. एक जण म्हणाले तेहतीस टक्के सुधारणा, दुसरे म्हणाले पन्नास. दुसरे बरोबर होते, कारण ३० आधी वजा करायचे असतात. असो.

मला सांगायचंय ते निराळं. त्या काळात भ्रम आणि आवाज यांचे गुण झपाट्यानं उतरले होते. ती ७ कलमं. थंडावणं, माणसांतून अंग काढून घेणं, बोलणं आटणं, याची दुसरी ७ कलमं, ती वाढली होती. बाकीची १६ सर्वसाधारण. सगळ्याची बेरीज केली की फायदाच दिसत होता. घरी तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पूर्वी आवाजांशी भांडायचा, पण मला हाक मारायचा. आता हाक मारत नव्हता. मी बेरीज बघायची की भावाकडे?

पण उंबरठा, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. वाईट दिवसांत माझ्या भावाला विचाराल तर तो सांगेल, "मला काहीही झालेलं नाही, सगळ्यांना झालंय." त्याच्या तोंडून कलमं घेतली तर त्यात आम्ही कुठे आहोत? रात्रभर जागणारे आम्ही. घरच्यांचा रकाना वेगळा हवा.

कोरा कागद

धाकटा, तुमच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण घरच्यांचा रकाना ऐकून भीती वाटली. मी गप्प होते तेव्हा माझी आई शेजाऱ्यांना सांगायची की आता खूप शांत झाली आहे. शांत नव्हते मी. आत गेले होते. तिच्या रकान्यात मी तेव्हा बरी होते आणि बोलायला लागले तेव्हा बिघडले.

धाकटा

खरं आहे. आमच्याकडूनही असं झालं असेल. तरी रकाना हवा. तुमचा आणि आमचा शेजारी शेजारी, बेरीज न करता. तुम्ही ५ आणि आईनं १ लिहिलं असतं तर निदान कुणी विचारलं असतं की हा फरक का.

मध्यमान

धाकटा जे म्हणतायत ते संख्याशास्त्राच्या दृष्टीनंही शहाणपणाचं आहे. दोन नोंदींमधला फरक ही स्वतंत्र माहिती असते, सरासरी काढून ती पुसून टाकायची नसते. एकच आकडा काढायचा सोस कुठे नेतो ते आपण पाहिलं आहे. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत माणसाची सगळी अवस्था १ ते १०० मधल्या एका आकड्यात बसवणारं स्केल होतं. लक्षणांची तीव्रता आणि कामकाज दोन्ही त्यात कोंबलेलं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते काढून टाकलं.

आणि उंबरठा यांच्या बाजूनं जाणारी एक गोष्ट मी पहिल्या प्रतिसादात दडवली होती, ती आता सांगतो. नैराश्याची नेहमी वापरली जाणारी ७ स्केल्स शेजारी ठेवून २०१७ मध्ये आयको फ्रीड यांनी तपासली तेव्हा त्यात मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली, आणि त्यातली बरीच एकेकाच स्केलमध्ये होती. म्हणजे तज्ज्ञांनी बनवलेल्या स्केल्सनाही किलो-मीटरची भेसळ चुकलेली नाही. माझा आक्षेप त्यामुळे थोडा सौम्य झाला आहे, मागे घेतलेला नाही.

व्यक्तीनुसार उद्दिष्टं ठरवून −२ ते +२ अशी मोजायची पद्धत किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मांडली आहे. उंबरठांना ती जवळची वाटेल. पण तिथे धोका असा की उद्दिष्ट सोपं ठेवलं की सगळे +२. म्हणून माझा आग्रह: सगळ्यांना सारखी अशी १० ते १२ कलमं, त्यांचीच बेरीज, आणि प्रत्येकाची स्वतःची दोन-तीन, उपचार सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवलेली, नंतर न बदलता. ती बेरजेत घ्यायची नाहीत.

उंबरठा

मध्यमान, 'नंतर न बदलता' हे मला जमणार नाही. तीन महिन्यांनी माणसाला वेगळंच हवंसं वाटतं, आणि तसं वाटणं हीच कधी कधी प्रगती असते. जुनं कलम तसंच ठेवून नवं खाली जोडू, जुनं खोडायचं नाही. इतकं मान्य करा. बाकीचं मी आजच्या बैठकीत मांडलं. घरच्यांचा रकाना घेतला. न बोलणाऱ्यांसाठी नोंदीचा वेगळा कागद करायचं ठरलं, त्यातल्या ओळी रात्रपाळींसारख्या माणसांनी लिहायच्या. तिथे माझा विचार तोकडा पडला होता.

कोरा कागद, आता तुम्हाला. तुमच्या बाबतीत कलमाचा दोष नव्हता. त्या खुणेनंतर काय होणार हे तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही समजावलं नाही. शेवटच्या प्रश्नाला कुणी १ लिहिलं तर आम्हाला काहीच न करता बसता येणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण भेट काढून घेणं हे त्याचं उत्तर असू शकत नाही. त्या आठवड्यात भावाची भेट तुम्हाला जास्त हवी होती.

रागाचं कलम आम्ही लिहून बघितलं आहे. वाचाल का?

"गेल्या दोन आठवड्यांत मला राग आला तेव्हा मी तो योग्य प्रकारे व्यक्त करू शकले/शकलो."

कोरा कागद

'योग्य प्रकारे' काढा. योग्य कोण ठरवणार? तिथे पुन्हा तुम्हीच आलात.

'व्यक्त करू शकले' पण नको. परीक्षेत विचारल्यासारखं वाटतं. "मला राग आला तेव्हा मी बोलून दाखवला आणि त्याचा कुणी आजाराशी संबंध लावला नाही." अर्धं माझ्याबद्दल आहे, अर्धं बाकीच्यांबद्दल, मला माहीत आहे. पण ते तसंच असतं.

अनुस्वार

एका कलमात दोन प्रश्न झाले. पहिलं 'हो' आणि दुसरं 'नाही' असेल तर खूण कुठे करायची? दोन कलमं करा.

कोरा कागद

करा दोन.

आणि एक. कागदाच्या सगळ्यात वर, पहिल्या प्रश्नाच्याही आधी, लिहा की हा कागद कोण वाचणार आणि वाचून काय करणार.

उंबरठा

मसुद्यात आत्ताच घातलं: "हा कागद तुम्ही आणि तुमचे उपचारक एकत्र बसून वाचतील. यावरून तुमची सुटी, भेटी किंवा औषध तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरवलं जाणार नाही. शेवटच्या प्रश्नाला तुम्ही ० सोडून काहीही लिहिलंत, तर त्याच दिवशी कुणीतरी तुमच्याजवळ येऊन बसेल आणि पुढे काय करायचं ते तुमच्याशी बोलेल."

रात्रपाळी

ओळी चांगल्या आहेत. पण आमच्या वॉर्डमध्ये सुटीची तारीख अशाच कागदावरून ठरते, आणि रात्री आम्ही दोघीच असतो. त्याच दिवशी येऊन बसणारं ते 'कुणीतरी' कोण, हे तुमच्या बैठकीत आधी ठरवा. ते ठरल्यावर छापा.